भोंग्याचं बटण

“गेम कसला, चष्म्याच्या डबीएवढं खेळणं!” म्हणत क्रेनवाल्याने लेकीने आणलेला नवाकोरा व्हिडिओ गेम हातात घेतला. अंगठ्यांखाली दोन दांडे लागले, हुबेहूब क्रेनमधल्यासारखे. तीन वर्षांपूर्वी त्याने उचललेलं लोखंड सटकून खाली उभा असलेला जोडीदार गेला. खापर साखळीवर फुटलं. तेव्हापासून त्याने दांड्याला हात लावला नव्हता. पडद्यावरच्या क्रेनच्या हुकाला ओझं लागलं होतं, वेळ संपत होता. “बाबा, उचला ना!” अंगठा हलेना. “भोंग्याचं बटण कुठंय?” “अहो, गेम आहे. खाली कोणी नाहीये!” “त्या दिवशीही मला असंच वाटलं,” तो पुटपुटला. “भोंगा वाजवलाच नव्हता मी.” लेक त्याला खेटून बसली, तोंडाशी हात नेऊन ओरडली, “पोंऽऽ! पोंऽऽ!” त्याने आधी वाकून फरशीकडे पाहिलं आणि मग दांडा ओढला.