पहिला बेस

सातवीचा खेळाचा तास गणिताच्या सरांनी पुन्हा पळवला, तेव्हा परकार सर स्टाफरूममध्ये हातातली बॅट टेबलावर ठेवून सुनीताकडे वळले.

"या आठवड्यातला तिसरा," ते म्हणाले. "मॅडम, बेसबॉल काय वाऱ्यावर शिकवू?"

सुनीता विज्ञान शिकवायची. पुण्याहून बहारीनला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. संघात मुलीही आहेत, बरोबर एक बाई हवी, म्हणून मुख्याध्यापकांनी तिला सरांच्या जोडीला दिलं होतं. तेव्हापासून सरांची गाऱ्हाणी ऐकणं हेही तिचंच काम झालं होतं.

उबेद परकार मूळचे दापोलीचे, भूगोलाचे शिक्षक. जीव मात्र बेसबॉलमध्ये. भारतीय शाळेत हे खूळ कशाला, असं सगळे म्हणत. या वर्षी एक तरी सामना झाला नाही तर संघ बंद, असं मुख्याध्यापकांनी बजावलंही होतं. बॅट मिळेनात, तर सरांनी नईम भागातल्या सुताराकडून दोन करवून घेतल्या. हातमोजे विकेटकीपरचे. मुलं चेंडू मारून बॅटसकट धावत सुटायची. "टाका ती! हे क्रिकेट नाही!" ओरडून ओरडून सरांचा घसा बसे.

घरीही सुख नव्हतं. जुफैरच्या अमेरिकन नौदल तळाचं रेडिओ केंद्र त्यांच्या ट्रान्झिस्टरवर लागायचं. सकाळी सामन्याचं वर्णन, मग तिकडच्या सार्वजनिक रेडिओवरच्या संथ आवाजातल्या चर्चा. नेमकी रंगत आली की शेजाऱ्याचा एसी सुरू होई आणि नुसती खरखर. नाहीतर खाली शाळेची बस हॉर्न वाजवी.

"शेवटचा डाव पुरा कधी ऐकला, आठवत नाही," ते म्हणत.

पण मैदानावर उतरले की माणूस बदलायचा. चार बेस ओळीने गाठून फेरी पुरी केली की एक धाव, एवढंच सुनीताला आधी कळलं. मग कोणता चेंडू सोडायचा, घसरत बेस कसा गाठायचा, चेंडू फेकणाऱ्याची नजर चुकवून पुढचा बेस कसा चोरायचा, हे सर असं रंगवून सांगत की तीही मुलांबरोबर कान टवकारून बसे. इतक्या आडकाठ्या येऊन या माणसाचा उत्साह तसूभर कमी होत नव्हता. सर अमेरिकेत राहून आलेत, अशी स्टाफरूममध्ये बोलवा होती.

तिने एकदा विचारलंच. "सर, तुम्ही कुठे खेळलात हो?"

"आधी मॅच तर मिळू दे, मॅडम. मग सांगतो," सर हसले.

पाच पत्रं गेल्यावर तळावरच्या अमेरिकन मुलांच्या संघाचा होकार आला. गुरुवारी दुपारी सगळे जुफैरला पोचले. आखलेलं मैदान, पांढरेशुभ्र बेस. सर कडेला उभे राहून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

मुलांचा चेंडू फेकण्या-झेलण्याचा सराव पाहून अमेरिकन प्रशिक्षक सुनीताजवळ आला. "यांना कोणी तयार केलं?"

तिने अभिमानाने बोट दाखवलं. त्याने सरांकडे पाहून टोपी काढली.

पाहुण्यांचा डाव आधी. पहिली अरीबा, संघातली सगळ्यात बुटकी. दोन वाईट चेंडू तिने शांतपणे सोडले. तिसरा असा हाणला की तो सगळ्यांच्या डोक्यावरून पार मागे गेला. तिने शिकवल्याप्रमाणे बॅट टाकली आणि जीव खाऊन धावत सुटली.

टाळ्या वाजवणारे अमेरिकन आईबाप एकाएकी गप्प झाले. पहिल्या बेसवरचा त्यांचा मुलगा उजवीकडे तिची वाट बघत उभा होता. अरीबा डावीकडे, तिसऱ्या बेसकडे धावत होती.

सुनीताने वळून सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "रेडिओवर कोणी बाजू सांगतच नाही हो."