कंट्रोलचा डबा

दीपानं दप्तर खाली टाकलं आणि ती जागीच थबकली. कोपऱ्यातल्या दोन सारख्या डब्यांपैकी एक उघडा होता. रिकामा.

"याडी," तिनं चुलीजवळच्या आईला हाक मारली, "डब्यातले गहू कुठं गेले?"

"दळून आणले." रामीबाईनं कपाळाला फडकं करकचून बांधलं होतं. "काल कंट्रोलवर रेशन आणाले गेलती. दोन घंटे उन्हात उभी राह्यली, त अंगठ्याची मशीनच बंद! तवापासून डोकं दुखून राह्यलं. घरात चिमूटभर कणीक नाही. मंग काय सगळ्यांले उपाशी ठेवू?"

झालं!

दीपा नववीत. दिग्रसच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा प्रयोग जायचा होता: निंबाच्या पाल्यानं गव्हातले किडे मरतात का? इंद्रजित सरांनी रीत नीट समजावली होती. डबे दोन घ्यायचे. एकात पाला, दुसऱ्यात काही नाही. "ज्याला आपण काहीच करत नाही, तो कंट्रोल. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय आपलं म्हणणं खरं की खोटं ते कळत नाही." बाकी सगळं, अगदी गहूसुद्धा, दोन्हींकडे सारखं हवं.

पण ऐकेल तर ती दीपा कसली! चांगले घरचे गहू कायले नासवायचे, म्हणून पाल्याच्या डब्यात तिनं रेशनचे भरले आणि चिठ्ठी चिकटवली, 'प्रयोग'. घरचे गहू दुसऱ्या डब्यात नुसतेच ठेवले, त्यावर सरांनी सांगितल्याप्रमाणे 'कंट्रोल'. पंधरा दिवस झाले. पाल्यातले किडे मरायचं नाव घेईनात, उलट लेकराबाळांसह नांदायला लागले. पहिला नंबर हातचा जातो की काय, या धास्तीनं परवा तिनं बापाची कपाशीच्या औषधाची पुडी काढली. पुडीवर जहाल विषाची खूण, लाल तिकोन होता. 'प्रयोग'च्या डब्यात अख्खी पुडी कालवली. सकाळपर्यंत किडे साफ. वहीत तिनं सुंदर अक्षरात लिहिलं, निंबाचा पाला, परिणाम उत्तम.

ही गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

"जेवले का सगळे?" तिनं विचारलं.

"केव्हाच. तुहा बाप चार पोळ्या खाऊन वावरात गेला. आबाजीबी जेवले."

दीपानं दारातून पाहिलं. आबाजी, म्हणजे तिचे आजोबा पूनमसिंग, अंगणात खाटेवर बसून घाम पुसत होते. तंबाखू खाल्ल्यासारखे सारखे थुंकत होते. आणि बाप? तो तर वावरात एकटा. तिकडं पडला तर पाहणारं कोण? सांगावं तर चोरी उघडी पडते, न सांगावं तर... पुढचं तिला मनातही म्हणवेना. देवा, मी काय करून बसली!

"याडी, कोणता डबा घेतला?"

"कोणता म्हंजे? कंट्रोलचा. आबाजीनंच काढून देल्ला."

दीपाचा श्वास जरा सुटला. पण सरांचं एक वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: ऐकलेल्यावर जायचं नाही, आपल्या डोळ्यांनी पाहायचं. ती कोपऱ्यात गेली. तिनं रिकामा डबा फिरवला. तिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, 'कंट्रोल'. तिनं ती दोनदा वाचली. शेजारचा डबा झाकण लावलेला, गच्च भरलेला. त्यावर 'प्रयोग'.

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच फतकल मारून बसली आणि रडू लागली.

"काय झालं वं? काहून रडतं?"

"काही नाही. भूक लागली."

प्रदर्शन गेलं खड्ड्यात, तिनं ठरवलं. 'प्रयोग'चे गहू आजच खड्डा करून पुरायचे. सोमवारी सरांना सगळं खरं सांगायचं. मारले तर मारले. रामीबाईनं ताट वाढलं. वरणात कुस्करून दीपानं तीन पोळ्या खाल्ल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला अन्न गोड लागलं.

आबाजी भिंतीला धरत धरत आत आले. डोळे चोळत त्यांनी पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि नातीकडं पाहून हसले.

"पोरगी हुशार, पण धांदरट हाय बरं. घरच्या गव्हाच्या डब्यावर 'कंट्रोल' चिकटवलं होतं इनं! कंट्रोलच्या दुकानातले गहू त दुसऱ्या डब्यात होते. सकाळी म्याच त्यातला पाला न् किडे पाखडले आन् दोन्ही चिठ्ठ्या बदलून बरोबर लावल्या."