अप्पांचा बेसबॉल

"किल्ली मधी ठेव," अप्पा म्हणाले. "जिंकलो तर माजी. हरलो तर तुजी, मग खुशाल व्हॅन इकून टाक."

दानेश्वरीनं स्कूल व्हॅनची किल्ली अंगणातल्या कट्ट्यावर ठेवली. समोर तिचे वडील, शरणप्पा, मांडी घालून बसले होते. निम्म्या सोलापूरची पोरं शाळेत पोचवलेला माणूस, आणि आज पोटची पोरगी त्याची परीक्षा घेत होती. तिला स्वतःचाच राग आला, पण ती किल्लीवरून नजर हटवेना.

भांडण जुनं नव्हतं. मागच्या आठवड्यात व्हॅन शाळेच्या फाटकाला घासली. फाटकच अरुंद आहे, असं अप्पांचं म्हणणं. जणू ते फाटक काल रात्री कुणी अरुंद करून ठेवलं होतं! डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे.

शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. दानेश्वरीच्या नवऱ्याची नोकरी पुण्याला. तिथून त्यानं शिवलीलासाठी, म्हणजे आपल्या लेकीसाठी, हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र आणलं. जुन्या बाजारातलं, आणि त्यात गेम एकच, बेसबॉलचा. क्रिकेट नाही म्हणून पोरगी हिरमुसली आणि आजोबांनी यंत्र बळकावलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी घरात चेंडू सुटल्याची शीळ आणि मागोमाग बॅटचा 'टण्ण'. आवाज कमी करा म्हटलं तर ऐकतील ते अप्पा कसले!

"पापणी लवायच्या आत चेंडू मारावा लागतोय," ते म्हणाले होते. "डोळं गेलेल्या माणसाला जमंल का? तूच सांग की."

दानेश्वरीला ते पटलं. तिनं एकदा खेळून पाहिलं होतं. एकही चेंडू लागला नव्हता.

दिवसही अप्पांनीच ठरवला, गुरुवार. शेजारच्या चादरींच्या कारखान्याला त्या दिवशी सुट्टी. एरवी मागांचा खडखडाट सुरू झाला की त्यांचे चेंडू हुकायचे. "डोस्कं जाग्यावर ऱ्हात न्हाय," म्हणायचे.

"शिवलीला, आण गं ते."

नात यंत्र घेऊन आली. सध्या तिला स्टिकरचं वेड होतं. फ्रिज, व्हॅनचं दार, आज्जीचा आरसा, काही म्हणून सुटलं नव्हतं. यंत्राच्या पाठीवरसुद्धा फुलपाखरं बसली होती. आज्जा आपलं खेळणं देत नाही म्हणून ती किती दिवस फुगून होती, पण आज तिनं ते आपणहून त्यांच्या हातात ठेवलं आणि तोंड दाबून हसत व्हॅनमध्ये जाऊन बसली. शाळेची वेळ होत आली होती. वाटेवर बाकीची पोरं दप्तरं घेऊन उभी असणार.

"अगं ए, मिक्सर बंद कर!" अप्पा ओरडले.

काशम्मा, दानेश्वरीची आई, पदराला हात पुसत दारात आली. दिवाळीपासून तीही व्हॅनमध्ये पुढं बसून जायला लागली होती. पोरांवर लक्ष राहतं, म्हणायची. आज्जी रस्ताभर गप्पच बसत नाही, अशी शिवलीलाची तक्रार होती.

"कशाला गं बापाचा जीव खातीस?" काशम्मा म्हणाली. "मी हाय की संगं."

"अव्वा, तीन गडी बाद व्हायच्या आत पाच धावा. मग मी परत हा विषय काढणार नाही."

डाव सुरू झाला. शीळ. टण्ण. यंत्रातली गर्दी ओरडली. त्यातलीच एक बाई धावा पुकारायची, इंग्रजीत, आणि समोर बसलेली दानेश्वरी बोटांवर मोजायची. एक. दोन. एक गडी बाद. मग तीन.

"चेंडू लिंबाएवढा दिसतोय बघ," अप्पा हसले.

तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजत आला. अप्पांचं कपाळ आक्रसलं. एक चेंडू हुकला, दुसरा हुकला, तिसराही. दुसरा गडी बाद. काशम्मा तरातरा फाटकापाशी गेली आणि त्या बिचाऱ्यावर अशी कडाडली, की तो गाडा घेऊन पळालाच.

आता एकच गडी उरला होता. अप्पा हरावेत असं तिला वाटत होतं, आणि हरू नयेत असंही वाटत होतं. व्हॅन गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय?

शीळ आली. अप्पांचा अंगठा हलला.

टण्ण! गर्दी वेडी झाली. बाईनं होम रन पुकारला, मैदानावर आधीच उभा असलेला गडीही धाव घेऊन आत आला. चार आणि पाच.

"झाल्या का न्हाय?" अप्पांनी यंत्र कट्ट्यावर पालथं टाकलं. किल्लीकडं हात नेला तो बाजूला पडला. चाचपत त्यांनी ती उचलली. आनंदात भान नाही राहिलं, दानेश्वरीला वाटलं.

"चुकलं माझं, अप्पा," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. बापावर संशय घेतला याची लाज वाटत होती, आणि छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"चालायचंच," म्हणत अप्पा काशम्माच्या खांद्यावर हात ठेवून फाटकाबाहेर गेले. शिवलीलानं व्हॅनच्या खिडकीतून टाटा केला.

यंत्रातली गर्दी अजून ओरडतच होती. बंद करावं म्हणून दानेश्वरीनं ते उचललं आणि उलटलं.

पडद्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक भलंमोठं सूर्यफूल चिकटवलेलं होतं.

बाहेर व्हॅन सुरू झाली, आणि पाठोपाठ आईचा दबका आवाज आला, "डावीकडं घ्या... आजून थोडं... हां, आता सरळ."