हेमसिंगची मुदत

हेमसिंगच्या शपथेचा आज एकविसावा दिवस. उन्हं कलली तसे नाईक सेवादास लिंबाखाली येऊन बसले, पंच बसले आणि भोवती सगळा तांडा जमला. नानीबाईची कालवड आपण नेली नाही, अशी हेमसिंगनं देवीपुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती. शपथ खोटी असली तर एकवीस दिवसांच्या आत घरात काहीतरी वाईट घडायचं, माणूस आजारी पडायचं नाहीतर गोठ्यात जनावर मरायचं. काही घडलं नाही तर माणूस सुटला, अशी तांड्याची रीत.

हे एकवीस दिवस हेमसिंगनं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. बैल त्यानं दावणीवरून सोडले नाहीत, पोट फुगून मरतील म्हणून त्यांना हिरवा पाला कसा तो दाखवला नाही. मध्येच बायकोला, भुरीबाईला, खोकल्यानं धरलं. ती बिचारी गोधडीचं टोक तोंडात कोंबून खोकायची, कारण शेजारी ऐकू गेलं की संपलंच. एवढी काळजी निर्दोष माणूस घेत नसतो. कालवड त्यानंच नेली होती आणि कारंज्याच्या बाजारात विकून आला होता. पण घरात कोणी मेलं नाही, गोठ्यात काही मेलं नाही.

"हेमसिंग सुटला," नाईक म्हणाले. मग रिवाज म्हणून त्यांनी नानीबाईकडे पाहिलं. "नानी, तुह्यं काई म्हननं?"

नानीबाई उभी राहिली. विधवा बाई, वाशीमच्या मिशनात जाऊन बाप्तिस्मा घेतलेली तांड्यातली एकटीच. पहिल्यांदा लोकांनी नाकं मुरडली, पुढं सवय झाली.

"तुमच्यापुढं काई म्हननं नाई, नाईक. माह्या देवाचा न्याय व्हायचा हाये अजून."

"तो कधी होईन?"

"शेवटच्या दिवशी. मेलेले बी उठतीन त्या दिवशी. सारे त्याच्यापुढं उभे राह्यतीन."

"आन् तो दिवस कोनता?"

"ते त्यालेच ठावं."

लिंबाखाली हशा पिकला. "आपली देवी बरी," पंचांतला लालसिंग म्हणाला, "एकवीस दिवसांत मोकळं करते. इच्या देवापाशी तं मेल्यावर बी सुट्टी नाई!"

हेमसिंग सगळ्यांत मोठ्यानं हसला. हसतच घरी आला. भाकर पुढ्यात घेतली आणि नुसती मोडत बसला.

एकवीस दिवसांचं तसं सोपं होतं. रोज एक दिवस कमी व्हायचा. माणूस दात-ओठ आवळून तेवढे काढतो. पण ज्या मुदतीला शेवटच नाही ती कशी काढायची? हेमसिंग काही फार विचार करणारा माणूस नव्हता. मेल्यावर सगळं मिटतं एवढं त्यानं धरून ठेवलेलं होतं, आणि या बाईनं चार माणसांत उभं राहून तेही काढून घेतलं. तो घाबरला, अगदी सरळ घाबरला.

भाकर तशीच ठेवून तो नानीबाईच्या खोपीत गेला. ती सुपात तूर निवडत बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"नानी, एक इचारतो. तुह्या देवापाशी एखाद्याचं नाव गेलं, तं निघते का ते?"

"निघते. आपल्या तोंडानं कबूल करा लागते."

"मी माह्यं नाई इचारून राह्यलो. मी तं सुटलो."

"हो. सुटला तू."

 हेमसिंग उंबऱ्याच्या आत टेकला. "आन् ज्याची वस्तू गेली त्यानंच माफ केलं तं?"

"पाद्रीसायेब मले तेच सांगते. म्हनते, नानीबाई, माफ कर. तू लोकायले माफ नाई केलं तं तुले बी माफी नाई." ती खडे वेचत राहिली. "रोज गुडघे टेकते. सारी प्रार्थना म्हनते. त्या कालवडीपाशी आली का तोंडातून शबुद निघत नाई."

"मंग त्या दिवशी तुह्यं कसं होईन?"

"जे चोराचं होईन ते माह्यं. तो एकीकडून उभा राह्यीन, मी त्याच्या बाजूले."

हे हेमसिंगनं कधी मनातही आणलं नव्हतं. त्याला एकदम तिची कीव आली, आणि त्या किवेत स्वतःची वाटही दिसली. तो पुढं सरकला.

"अवं बाई, एका जनावरापायी? करून टाक माफ. त्याचं बी भलं होईन, तुह्यं बी भलं होईन."

नानीबाईचे हात थांबले. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"लेकरावानी वाढवली मी तिले. आन् नुसती कालवड नव्हती रे ती. गाभन होती."

"गाभन नव्हती," हेमसिंग म्हणाला. "बाजारात दोघा जनायनं तपासून पाह्यली."

नानीबाईनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. हेमसिंगनं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.