शनिवारची खोली

पीठ चाळणीनंच पाडायचं, हात लावायचा नाही, असं बयाबाईंनी दोनदा बजावलं. तेजस्वीनं चाळण हलवत खोलीच्या शहाबादी फरशीवर तांदळाचं पीठ पाडलं आणि मधोमध समई ठेवली. याच खोलीत तिच्या सासऱ्यांनी, गणपतरावांनी, प्राण सोडला होता. दहाव्याच्या संध्याकाळी तिथं पीठ पसरून दार लोटायचं आणि सकाळी बघायचं. गाईचा खूर उमटला की पाखराचा पंजा, त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं, अशी घरची रीत.

"माझ्या भावाचं काय उमटंल सांगू?" बिद्रीहून आलेल्या बयाबाई म्हणाल्या. "घुंगरू."

जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. शालूबाई, गणपतरावांची बायको, समईत तेल घालत राहिल्या.

हसण्याला कारण होतं. लग्नानंतर गणपतराव बायकोला घेऊन इंग्लंडच्या उत्तरेकडं एका फौंड्रीत कामाला गेले होते. तिथले कामगार शनिवारी एका हॉलमध्ये जमून अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल गाण्यांवर नाचायचे. शब्द काळीज फाटल्याचे, आणि ठेका असा की पाय जागेवर राहू नयेत. बूट सरकावेत म्हणून फरशीवर अंगाला लावायची पावडर टाकायची. काही वर्षांनी दोघं परत आली ती तबकड्यांच्या दोन पेट्या, एक रेकॉर्ड प्लेअर आणि चामडी तळव्यांचे काळे बूट घेऊन.

तेव्हापासून शनिवार चुकला नाही. दिवेलागणीला या खोलीचं दार आतून बंद व्हायचं. गाणं लागायचं आणि मागोमाग बुटांचा आवाज. घासत जाणारा, गिरकी घेणारा, मध्येच एक टाळी. गल्लीभर ऐकू जायचं. सगळं उद्यमनगर गणपतरावांना नाच्या म्हणायचं. तोंडावर म्हणायचं. ते हसून पुढं जायचे. लग्नाआधीच लोखंडाचा तापला रस सांडून त्यांचा डावा पाय अधू झाला होता. आठवडाभर पाय ओढणारा माणूस शनिवारी असा कसा घुमतो, याचं लोकांना नवल वाटायचं. "शनिवारी त्येच्या पायात मारुती येतोय," असा तालमीतल्या म्हाताऱ्यांनी निकाल दिला होता.

शनिवार हा शालूबाईंच्या उपासाचा वार. गणपतरावांच्या मागोमाग त्याही जपमाळ घेऊन आत जायच्या. बाहेर यायच्या तेव्हा कपाळ घामानं डबडबलेलं असायचं. "खोलीत वारा न्हाय," म्हणायच्या, मोरीत पाय धुवायच्या आणि मग देवापुढं दिवा लावायच्या. रविवारी सकाळी बूट तेलाच्या फडक्यानं त्याच पुसायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. नवऱ्याची सेवा अशी असावी, असं शेजारणी आपल्या सुनांना सांगायच्या.

मुलाचं, पृथ्वीराजचं, वेगळं होतं. नाच्याचा पोरगा म्हणून शाळेत त्यानं पुष्कळ मारामाऱ्या केल्या होत्या. आता त्यानं ठरवून टाकलं होतं की तेरावा झाला की पुण्याचा एक माणूस येऊन तबकड्या घेऊन जाईल, आणि खोली पाडून गाडीला जागा करायची. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझं घर हाय बाबा."

त्या दिवशी शालूबाई जेवल्या नाहीत. तेजस्वीला म्हणाल्या, उपास आहे. वार बुधवार होता.

अकराव्याच्या सकाळी बयाबाईंनी दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

खूर नव्हता, पंजा नव्हता. पिठात बुटांच्या तळव्यांचे लांबलचक ओरखडे होते. समईभोवती गिरक्यांची वर्तुळं होती. एका जागी टाच रोवून फिरल्यानं फरशी गोल उघडी पडली होती. बूट दाराशेजारच्या फळीवर, रोजच्या जागी, स्वच्छ पुसलेले.

घुंगरू म्हणणाऱ्या बयाबाई रडायला लागल्या. "गणपाच ह्यो. कुठं गेला न्हाय त्यो."

पृथ्वीराज बराच वेळ त्या वर्तुळांकडं बघत उभा राहिला. या नाचापायी तो उभ्या शाळेशी भांडला होता, पण बापाला नाचताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. मग अंगणात जाऊन त्यानं पुण्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. खोलीही पाडणार नाही म्हणाला.

बयाबाईंनी मात्र एक अट घातली. बूट तेराव्याला दान द्यायचे. गेलेल्याचा जोडा दान दिल्याशिवाय जीव वाटेला लागत नाही. "पाय मोकळं करा त्येचं," त्या म्हणाल्या. शालूबाईंच्या हातातली जपमाळ तेवढी थांबली.

तेरावा शनिवारी आला. अंगणात भटजी बसले होते, छत्री आणि तांब्या मांडून झाला होता. तेजस्वी बूट आणायला खोलीत गेली. दाराशी मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वहाणा अजून तशाच होत्या. दोन्ही जोड एकदमच द्यावेत म्हणून तिनं बूट फळीवरून काढून वहाणांशेजारी ठेवले.

बूट चार बोटं आखूड होते.

तिनं टाचेला टाच लावून पुन्हा बघितलं. डाव्या वहाणेची कड पाय ओढून ओढून पार झिजली होती. बुटांचे तळवे मात्र दोन्ही सारखेच झिजले होते.

मागं शालूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आत्ती," तेजस्वी हळू आवाजात म्हणाली, "ह्ये मामांच्या पायात जायचं न्हाईत."

"वहाणा दे दान," शालूबाई म्हणाल्या. "त्येच्या त्या हायत."

बाहेरून भटजींनी हाक मारली. शालूबाईंनी पदर खोचला, जपमाळ फळीवर ठेवली, आणि खाली न बघता दोन्ही पाय बुटांत सरकवले.