नत्थुजींची सही

“इथे सही करा, नत्थुजी. वरचं सगळं मी लिहून आणलं आहे,” चिंतामण मास्तर म्हणाले आणि त्यांनी टाक पुढे केला.

नत्थुजी बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. उभी हयात त्यांनी नाटक कंपनीत राजाच्या भूमिका केल्या. आता कंपनी मोडली होती, अकोल्यात बोलपट लागत होते, आणि राजाला बाजेवर सरळ बसायलाही बायकोचा, गोदाबाईंचा, हात लागत होता. शाळेच्या अंकात मुलांसाठी ‘अभिनय म्हणजे काय’ हे त्यांच्या सहीने छापायचे होते.

“वाचा,” ते म्हणाले.

“‘अभिनय म्हणजे स्वतःला विसरणे. रंगभूमीवर पाऊल ठेवताच मी नत्थू राहत नसे, राजा होत असे.’”

“खोडा ते.”

“का हो? सगळे मोठे नट असंच सांगतात.”

“सांगू द्या. मी वलगावचा मानूस. राजाच्या तोंडी मला, तुला, का बरे. माह्या तोंडी मले, तुले, कावून. सोताले इसरलो असतो तं राजा पैल्याच अंकात वलगावले पोचला असता!” ते हसले, आणि त्यांना धाप लागली. “जिभेवर पहारा देला मास्तर, जलमभर. थकलो तो त्यानंच थकलो. पोरं वाचतीन ना हे? मंग खरं लिहा.”

मास्तरांनी ओळ खोडली. “म्हणजे एकदाही विसरला नाहीत?”

नत्थुजींनी अंगावरचे पांघरूण सारखे केले.

“एकडाव. उमरावतीले खेळ होता. राजाचा पोरगा मरते, तो परवेश. तोंडाले रंग लावून झाला, अन् घरून सांगावा आला. आमचा पोरगा सहदेव गेला म्हनून. परदा तं उठाचीच होती. राजाले म्हनाचं होतं, ‘मला सोडून का गेलास, बाळा?’ मी म्हनलो, ‘मले सोडून कावून गेला रे, बाप्पा!’”

“मग?”

“लोक हासले. पुन्याचे असते तं समजलो असतो. आपलेच लोक. पोट धरून हासले.”

गोदाबाई कपबशी घेऊन दारातच थांबल्या होत्या.

“घरी आले तवा तं तुमच्या डोयात टिपूस नोयतं,” त्या म्हणाल्या. “मी म्हनलं, नाटक्या मानूस, याले काय त्याचं!”

“घरी भान होतं मले.”

गोदाबाईंनी कपबशी खाली ठेवली आणि त्या बाजेच्या कडेला बसल्या.

मास्तरांनी मान खाली घालून नवे लिहायला घेतले. त्यांचे डोळे भरले होते. पण हात मुलांच्या वह्या तपासणारा. तो सवयीने शुद्ध लिहीत गेला. लिहून झाल्यावर त्यांनी हळू आवाजात वाचले.

“‘अभिनय म्हणजे भान राखणे. माझे भान एकदाच सुटले. पुत्रशोकाने मी म्हणालो, मला सोडून का गेलास रे, बाळा?’”

“पन मास्तर, हे तं ‘मले’ म्हनले होते...” गोदाबाई बोलू लागल्या.

नत्थुजींनी त्यांच्या हाताला धरले, कसेबसे सरळ बसले आणि टाक घेतला.

“राहू दे वं,” ते म्हणाले. “आता कोनी हासनार नाई.”

आणि त्यांनी सही केली.