सासऱ्यांचा तंबाखू

"ओढू नका हो काका, नुसता चाखा. छातीत घेतलात तर आडवे व्हाल!"

बाईंनी हे सांगेपर्यंत चष्मेवाल्याने धूर छातीत घेतलाही होता. काउंटरला धरून तो खोकत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं. तंबाखूच्या दुकानातल्या त्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि त्याच्या हातातला पाइप काढून घेतला.

"पुन्हा एकदा भरून दाखवते. खाली सैल, मध्ये बेताचा, वर जरा दाबून. पहिली काडी धूर ओढायला नसते, नुसता वरचा थर जाळायला असते. तो फुगून वर आला की दाबायचा, मग दुसरी काडी. आणि मग सावकाश. घाई केलीत की जीभ भाजलीच म्हणून समजा."

जीभ पहिल्याच दिवशी भाजली होती. आजचा चौथा. चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या त्याच्या बोटांना पाइप भरणं लगेच जमलं होतं. ओढणं काही जमत नव्हतं. अडुसष्ट वर्षांत त्याने साधी विडीही ओठाला लावली नव्हती.

"आणि रोज वेगळा तंबाखू कशाला मागता? नवशिक्याने एकच धरावा. हौसच करायची तर नीट करा."

"वास जुळत नाहीये."

"कशाशी?"

तो जरा घुटमळला. "आमच्या सासऱ्यांच्या तंबाखूशी."

बाईंना हसू आलं. "मग सासऱ्यांनाच विचारा की!"

"त्यांना जाऊन तीस वर्षं झाली." त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. "बायकोला आता काही आठवत नाही हो. संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन उभी राहते. बाबा न्यायला येणार म्हणते. बसत नाही, जेवत नाही, मी हात लावला की ओरडते. गेल्या आठवड्यात फिरायला नेली तर रस्त्यात हात सोडवून एका परक्या माणसाच्या मागे निघाली. तो बाकावर बसून पाइप ओढत राहिला, ही त्याच्या शेजारी. इतकी शांत मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती."

बाईंनी समोर मांडलेले डबे बाजूला सारले आणि पुढे वाकल्या.

"वास कसा होता, ते नीट सांगा."

"गोडसर. सुकवलेल्या अंजिरासारखा. आणि मागून थोडं जळकं लाकूड." हे सांगायला त्याला आठवावंही लागलं नाही. मुलीला मागणी घालायला गेला तेव्हा तासभर त्याच धुरात तो मान खाली घालून बसला होता. 'काचा घासणाऱ्याच्या घरी माझी मुलगी जाणार नाही,' असं सासरे म्हणाले होते. मुलगी हटून बसली म्हणून गेली.

बाई स्टुलावर चढल्या. वरच्या फळीवरच्या डब्यांमागे हात घालून त्यांनी एक चपटा डबा काढला, पुसला आणि त्याच्या नाकाखाली उघडून धरला.

चष्मेवाल्याने डबा आपल्या हातात घेतला. "हाच."

तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच होती. शाल अंगावर, पिशवी काखेत. सोबतीला बसलेली शेजारीण हळूच म्हणाली, "दुपारपासून अशाच उभ्या आहेत. चहालासुद्धा शिवल्या नाहीत."

शेजारीण गेल्यावर तो गॅलरीत गेला. पाइप भरला. पहिली काडी, दाबणं, दुसरी काडी. धूर तोंडात घोळवून सोडून दिला. खोकला आला नाही.

मागे पावलं वाजली. मग पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज.

"बाबा," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावलीत."

"काम होतं," तो म्हणाला. मान वळवायची हिंमत त्याला झाली नाही.

ती शेजारच्या खुर्चीत बसली. त्याने ताट आणून दिलं, तर स्वतःच्या हाताने सगळं जेवली. पाणी प्यायली. शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीची तक्रार केली, आणि तो हसला तशी तीही खुदकन हसली. मग त्याने भीतभीत हात पुढे केला. तिने आपला हात त्यात ठेवला. तळवा उबदार होता. एवढा धीर आल्यावर तो पहिल्यांदा तिच्याकडे वळून बसला.

"बाबा, या घरात एक माणूस असतो."

"कोण माणूस?"

"ठाऊक नाही. वाईट नाही हो तो. माझे केस विंचरतो, चपला घालून देतो. पण सारखा माझ्या तोंडाकडे बघत असतो." तिने आवाज खाली आणला. "बिचारा कुणाची तरी वाट बघतोय."

समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता.

"तुम्ही त्याला सांगा ना, बाबा. माझ्याच्याने नाही सांगवत."

"काय सांगू?"

"की ती आता यायची नाही म्हणून."

तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उत्तरासाठी त्याच्याकडे बघत राहिली.

"सांगतो हं, बाळ," चष्मेवाला म्हणाला.